४,२९,४९,६७,२९७ : पाच पायऱ्या टिकलेला आणि सहाव्या पायरीला तुटलेला नियम

बाकीशून्य

गेले दोन आठवडे रोज रात्री एकाच संख्येपाशी बसतोय. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. नुसती पाहिली तर तिच्यात काही खास दिसत नाही. पण २ चा ३२ वा घात घ्या आणि त्यात १ मिळवा, की ही संख्या येते. (घातासाठी पुढे २^३२ असं लिहितो.)

२ च्या एखाद्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल, तर घातांकाला १ सोडून दुसरा विषम अवयव असून चालत नाही. २^६ + १ म्हणजे ४^३ + १. क्ष^३ + १ ला क्ष + १ ने नेहमीच भाग जातो, म्हणून ६५ ला ५ ने भाग जातो. २^१२ + १ म्हणजे ४०९७, तो १७ × २४१ आहे, कारण तेच. हे सगळे गाळले की घातांक उरतात १, २, ४, ८, १६, ३२ असे. त्यातून येणाऱ्या संख्या: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचच्या पाच मूळ. १६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्माने फ्रेनिकल या दुसऱ्या गणितीला पत्रातून कळवलं की या मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असं आपल्याला वाटतं. सिद्धता हाती नाही हेही त्याने कबूल केलं होतं. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने ऑयलरला पत्रात याबद्दल विचारलं, आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिलं की सहाव्या संख्येला, म्हणजे आपल्या या संख्येला, ६४१ ने भाग जातो.

हे वाचून मी भागाकार कागदावर केला. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. वरचा ९ खाली घेतला, ४४८९. सात वेळा, बाकी फक्त २. इथे जरा दचकलो, इतक्या जवळ येऊन चुकल्यासारखं वाटलं. मग ६ आणि ७ खाली आले, दोन्ही वेळा शून्य, म्हणून उत्तरात मधोमध दोन शून्यं. पुढे २६७२, चार वेळा, बाकी १०८. मग १०८९, एकदा, आणि बाकी पुन्हा ४४८! तीच बाकी दुसऱ्यांदा आली होती. मघाशी तिच्यापुढे ९ आला म्हणून २ उरले होते. या वेळी पुढे शेवटचा ७ होता. ४४८७ म्हणजे बरोब्बर सात वेळा ६४१. उरलं काहीच नाही. उत्तर ६७,००,४१७.

या एका संख्येचे जितके पैलू तुम्हाला माहीत असतील तितके इथे लिहा. मला ती नीट समजून घ्यायची आहे.

कोरी_पाटी

लेख आवडला. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. ६४१ सुचलाच कसा? ३, ७, ११, १३ असं एकेका मूळ संख्येने भागत गेलं तरी ६४१ पर्यंत पोहोचेतो शंभरावर भागाकार होतात. ऑयलरने ते सगळे केले?

बाकीशून्य

@कोरी_पाटी, प्रश्न प्राथमिक मुळीच नाही, सगळ्यात गोड भाग इथेच आहे. त्याने सगळे केले नाहीत, करायची गरजच नव्हती.

समजा प ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. म्हणजे २^३२ ला प ने भागलं तर बाकी −१ येते (म्हणजेच प − १). वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २, ४, ८, १६... या घातांच्या प ने भागून येणाऱ्या बाक्या लिहीत गेलो, तर त्या चक्राकार फिरतात आणि १ आला की चक्र पूर्ण होतं. इथे ६४ व्या घाताला १ येतो, ३२ व्याला येत नाही. चक्राची लांबी ६४ ची भाजक, पण ३२ ची नाही. उरली एकच शक्यता: लांबी ६४ च. आणि चक्राची लांबी प − १ ला भागते, ही खुद्द फर्माच्या लहान प्रमेयातून (प ही विषम मूळ संख्या असेल तर २^(प−१) ला प ने भागून बाकी १ येते) येणारी गोष्ट. म्हणून प हा ६४ च्या पटीत १ मिळवून आलेलाच असायला हवा.

आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारातच सापडतो.

मला हुरहूर लागून राहिली ती वेगळ्याच गोष्टीची. लहान प्रमेयही फर्माने फ्रेनिकललाच लिहून कळवलं होतं, आणि तेही १६४० मध्येच, ऑक्टोबरात. त्याच वर्षी त्याने याच धर्तीच्या विचारातून २^३७ − १, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७१ या संख्येला २२३ ने भाग जातो हे शोधलं होतं. हत्यार त्याच्या हातात होतं, धार लावलेलं. पाच भागाकारांचं अंतर होतं फक्त.

वर्गमूळ

यात आणखी एक पायरी चढता येते. १८७८ मध्ये ल्यूकाने दाखवलं की ६४ ऐवजी १२८ ची पट घेतली तरी चालते. कारण असं: प मधून १ वजा केल्यावर ८ ने भाग जात असेल, तर प ने भागून २ इतकीच बाकी देणारा एखादा वर्ग नक्की असतो. तो ज्या संख्येचा वर्ग आहे तिचं चक्र २ च्या चक्राच्या दुप्पट, म्हणजे १२८ लांबीचं.

मग यादी उरते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त दोन, २५७ आणि ६४१. त्यातला २५७ या मालिकेतलाच आहे, आणि मालिकेतल्या कुठल्याही दोन संख्यांना १ खेरीज सामाईक भाजक नसतो, कारण आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक २ म्हणजे पुढची संख्या. ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. दोन मिळवा, बाकीशून्य यांची संख्या आली. २५७ ने त्या गुणाकाराला भाग जातो, मग भागल्यावर बाकी २ उरणार.

म्हणजे ६४१ हा पहिलाच उमेदवार. पहिलाच भागाकार, आणि बाकी शून्य.

याच चाळणीने ६७,००,४१७ मूळ आहे हेही हाताने सिद्ध होतं. तिचा कोणताही मूळ भाजक आपल्या मोठ्या संख्येलाही भागणार, म्हणून तोही १२८ च्या पटीत १ मिळवलेलाच. वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिथपर्यंत अशा मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच. २५७ आधीच बाद. चार भागाकार केले: ६४१ ने बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. एकही शून्य नाही. सत्तर लाखांच्या घरातली संख्या मूळ आहे हे चार भागाकारांत ठरलं!

सांजवारा

संगणकात एका ओळीची आज्ञा दिली तर दोन्ही अवयव डोळ्याची पापणी लवायच्या आत येतात. हाताने करण्यातून वेगळं काय मिळतं, हे मनापासून विचारतोय.

बाकीशून्य

@सांजवारा, अवयव मिळतात, पण ते ६४१ च का हे त्या ओळीत येत नाही. ४४८ दुसऱ्यांदा समोर आली तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं. पुढचा अंक ७ आहे हे दिसत होतं, ४४८७ काय होणार हे ओळखलं होतं, तरी गुणाकार करायला हात धजत नव्हता. आणि @वर्गमूळ यांची चाळणी लावल्यावर त्याच भागाकाराकडे मी पुन्हा वेगळ्या नजरेने पाहिलं. संगणकाशी वैर नाही माझं, खाली मोठ्या संख्यांचा विषय निघाला तर त्याच्याशिवाय पान हलणार नाही.

तिसरा_कोन

६४१ या संख्येतच भागाकार लपलेला आहे. भागाकार न करता दाखवता येतं.

६४१ = ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ + १.
६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४.

पहिल्या ओळीवरून, ६४१ ने भागलं तर ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात करा: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतं. म्हणजे −२^३२ ची बाकी १, म्हणून २^३२ + १ ची बाकी ० आली. संपलं.

एकाच संख्येची दोन रूपं एकमेकांत इतकी चपखल बसतात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या चार ओळींवरून नजर हटत नव्हती.

आता माझा आवडता पैलू, दोन वर्गांची बेरीज. ४ च्या पटीत १ मिळवून येणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच तऱ्हेने लिहिता येते. आपली संख्या उघडच ६५,५३६² + १² आहे. ती मूळ असती तर दुसरी तऱ्हा सापडायलाच नको. पण ही पाहा:

६२,२६४² + २०,४४९²

३,८७,६८,०५,६९६ अधिक ४१,८१,६१,६०१. करा बेरीज.

ही जोडी येते कुठून? ६४१ = २५² + ४², आणि ६७,००,४१७ = २५५६² + ४०९². दोन वर्गांच्या बेरजा गुणल्या की गुणाकारही दोन वर्गांची बेरीज होतो, आणि तोही दोन तऱ्हांनी. २५ × २५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६. बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. तसंच २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २५५६ = १०,२२४. बेरीज २०,४४९, वजाबाकी १.

त्या शेवटच्या १ कडे बघा. १०,२२५ आणि १०,२२४ शेजारीशेजारी येऊन बसले, म्हणून आपल्या संख्येचा तो एकटा १ तयार झाला. आणि २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, यामागचं कारण काही असेल तर कुणीतरी सांगा, मला तो निव्वळ योगायोग वाटतो.

कोरी_पाटी

धाग्याच्या नादाने मी पण वही उघडली. लहान प्रमेय म्हणतं की प मूळ असेल तर २^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी १ येते. मी ४,२९,४९,६७,२९७ साठी करून पाहिलं तर बाकी १ च येते! २^६४ ची बाकी १ आहे आणि २^३२ हा ६४ ची पट आहे. मग संख्या मूळ ठरायला हवी ना? कुठे चुकतंय?

वर्गमूळ

गणितात कुठेच चुकलेलं नाही, फक्त प्रमेय उलटं वाचलं गेलंय. मूळ असेल तर बाकी १, हे खरं. बाकी १ असेल तर मूळ, हे खरं नाही. अशा संख्यांना २ या पायाच्या छद्ममूळ संख्या म्हणतात. या मालिकेतली प्रत्येक संख्या २ च्या परीक्षेत उत्तीर्ण होते, मग ती मूळ असो वा संयुक्त. २ ला पाया घेऊन फर्मा तपासत बसला असता तरी त्याला काही कळलं नसतं.

३ घ्या. १८७७ मध्ये पेपँने नेमकी हीच कसोटी दिली: ३ चे वर्गामागून वर्ग करत, दर वेळी संख्येने भागून बाकीच ठेवत ३^(संख्या − १) कडे जा. त्याच्या आधीच्या पायरीला बाकी −१ आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. दोन्ही बाजूंनी पक्की कसोटी. आपल्या संख्येसाठी ३१ वेळा वर्ग करावे लागतात.

कोरी_पाटी

समजलं. ३१ वर्ग म्हणजे फार नाहीत. करून बघतो, वेळ लागेल.

रिकामे_घर

भूमितीची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. १७९६ च्या मार्चअखेर गाउसने, एकोणिसावं वर्ष पुरं व्हायला महिना असताना, नुसत्या कंपास-पट्टीने १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे शोधलं. १८०१ च्या ग्रंथात त्याने सर्वसाधारण नियम दिला आणि उलट बाजूची, म्हणजे बाकीचे बहुभुज निघतच नाहीत याची, सिद्धता १८३७ मध्ये वाँत्झेलने पुरी केली. बाजूंची संख्या विषम असेल तर ती याच मालिकेतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवी. हाताशी असलेल्या मूळ संख्या पाच, म्हणून असे बहुभुज ३१. सगळ्यात मोठा ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा, आपल्या संख्येहून फक्त दोनने कमी.

आता चौकटींचा कागद घ्या आणि पास्कलचा त्रिकोण (आपला मेरुप्रस्तार, कडेला १ आणि आतला प्रत्येक आकडा वरच्या दोन आकड्यांची बेरीज) काढा. विषम आकड्याच्या जागी १, समच्या जागी ० लिहा. प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीने वाचा:

१ → १
११ → ३
१०१ → ५
११११ → १५
१०००१ → १७
११००११ → ५१
१०१०१०१ → ८५
११११११११ → २५५

१ सोडला तर ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५... सगळ्या कंपास-पट्टीने काढता येणाऱ्या विषम बहुभुजांच्या बाजू, त्याही चढत्या क्रमाने, मध्ये एकही न गाळता. मी मोठा कागद चिकटवून पूर्ण बत्तीस ओळी काढल्या. बत्तिसावी ओळ सगळीच्या सगळी १ ची, बत्तीस एक शेजारीशेजारी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. इथवर जुळणी तंतोतंत.

तेहेतिसावी ओळ: दोन टोकांना १ आणि मध्ये एकतीस शून्यं. ती आहे ४,२९,४९,६७,२९७. आणि ही मूळ नाही, म्हणून एवढ्या बाजूंचा बहुभुज निघत नाही, म्हणून सगळी जुळणी नेमकी इथे थांबते. त्या ओळीतली एकतीस रिकामी घरं भरताना मला माहीत होतं पुढे काय आहे, तरी शेवटचा १ लिहिताना वाईट वाटलं.

सांजवारा

हे पास्कलच्या त्रिकोणाचं माहीत नव्हतं. आता मीही कागद आणतो. पण मग मालिकेत पुढे काय? सातवी, आठवी मूळ निघाली का?

वर्गमूळ

एकही नाही. सातवी, २^६४ + १, वीस अंकी. तिचा लहान अवयव २,७४,१७७. लांद्रीने १८८० मध्ये तिचे अवयव प्रसिद्ध केले तेव्हा त्याचं वय ऐंशीच्या पुढे होतं. (२,७४,१७६ ला २५६ ने भाग जातो, चाळणी इथेही चालते.) आठवी ३९ अंकी, तिला १९७० उजाडलं, मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी फोडली. नववी १९८० मध्ये ब्रेंट आणि पोलार्ड यांनी, दहावी १९९० मध्ये, त्यासाठी शेकडो संगणक कामाला लागले होते.

२^३२ व्या घातापासून... थांबा, क्रमांक लिहितो म्हणजे घोळ होणार नाही. ३ हा शून्यावा धरला तर बाकीशून्य यांची संख्या पाचवी. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत सगळ्या संयुक्त आहेत हे ठरलेलं आहे. विसाव्या आणि चोविसाव्या संख्येचं तर असं आहे, की पेपँच्या कसोटीने त्या संयुक्त असल्याचं पक्कं ठाऊक आहे, पण त्यांचा एकही अवयव आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. तेहेतिसावी मूळ की संयुक्त, याचा निकाल अजून लागायचा आहे.

बाकीशून्य

@वर्गमूळ, विसाव्या संख्येचं वाचून थरारलो. भाग जातो हे माहीत, कशाने जातो हे माहीत नाही. भागाकार न करता भाग जातो हे कळणं, ही कल्पनाच मला या धाग्याआधी नीट उमगली नव्हती.

बारीकसारीक एक माझ्याकडून. १७ पासून पुढे मालिकेतल्या सगळ्या संख्या ७ ने संपतात. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत केली तर ५ पासून ५, ८, ५, ८ असं आलटून पालटून येतं. आपल्या संख्येची बेरीज ५९, मग १४, मग ५. कागदावर संख्या उतरवताना चूक झाली का हे बघायला मला याचा रोज उपयोग झाला.

कोरी_पाटी

झालं. चार रात्री लागल्या.

३, ९, ८१, ६५६१, ४,३०,४६,७२१, इथवर सरळ. पाचवा वर्ग १,८५,३०,२०,१८,८८,५१,८४१, तो आपल्या संख्येच्या बाहेर जातो. भागून बाकी ३,७९,३२,०१,४५८. तिथून पुढे प्रत्येक पायरीला एकोणीस-वीस अंकी वर्ग आणि लांबलचक भागाकार. अकराव्या पायरीला हातचा विसरलो आणि तीन पायऱ्या पुन्हा कराव्या लागल्या.

एकतिसाव्या वर्गाची बाकी १,०३,२४,३०३. संख्या मूळ असती तर इथे ४,२९,४९,६७,२९६ यायला हवे होते. आणखी एक वर्ग करून पाहिला: ३,०२,९०,२६,१६०. इथे १ हवा होता.

पण मनात शंका राहिली. एका जागी गुणाकार चुकला असता तरी १ न येता दुसरंच काही आलं असतं. मग @बाकीशून्य यांचा ६४१ च पडताळ्याला घेतला. ६४१ ने भाग जातो, म्हणून माझ्या बाक्यांना पुन्हा ६४१ ने भागलं तर त्या ३ च्या वर्गांच्या ६४१ च्या बाक्यांशी जुळायला हव्यात. हे लहान आकड्यांचं काम, एका पानात बसलं: ३, ९, ८१, १५१, ३६६, ६२८, १६९, ३५७, ५३१... असं बत्तिसाव्या वर्गापर्यंत. तिथे पुन्हा ५३१ आला.

मग ३,०२,९०,२६,१६० ला ६४१ ने भागलं. बाकी ५३१.